ग्रिडवर ब्लॉक मनासारखा बसवायचा तरी कसा?

मधुमालती_

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनगटाची एक छोटीशी साइट आहे, ती सांभाळायचं काम फिरत फिरत आता माझ्या गळ्यात आलंय. कोडबिड काही नाही, ब्लॉक ओढून ठेवायचे असा एडिटर आहे. मजकुराचा ब्लॉक, फोटोचा ब्लॉक, बटणाचा ब्लॉक आणि ओढायला लागलं की मागे फिकट रेघांचं ग्रिड दिसतं.

पण ब्लॉक जरासा उजवीकडे घ्यायला जावं तर एकतर ढिम्म हलत नाही, नाहीतर टुणकन उडी मारतो. डावीकडचं हँडल धरून लहान केला तर लहान होतोच पण जागाही बदलतो असं वाटतं. मजकुराचा ब्लॉक थोडा आखूड केला की शेवटची ओळ अर्धी कापलेली. फोटो मोठा केला की त्यातल्या कडेच्या माणसांची डोकी गायब. आणि मोबाइलवर उघडलं की शीर्षक एकीकडे, त्याचा फोटो भलतीकडेच.

यात काही शिस्त आहे का, की असंच चाचपडत करायचं असतं? का सरळ ग्रिड बंद करून मोकळ्या कॅनव्हासवर काम करू? तशी सोय आहे सेटिंगमध्ये.

आडवाउभा

बंद करा. माउस आपला, पान आपलं, मग ब्लॉक कुठे ठेवायचा ते ग्रिडने का ठरवायचं?

तिरपी_रेघ

खुर्ची पुढे ओढून बसलेय. हा धागा पेटणार.

पिक्सेलपंत

मधुमालतीताई, बंद करू नका, आधी हे वाचा. जरा लांबेल.

सगळ्यात पहिली गोष्ट म्हणजे ब्लॉकला ‘जागा’ नसतेच. त्याला चार आकडे असतात. कोणत्या कॉलमपासून (उभी पट्टी) सुरू, किती कॉलम रुंद, कोणत्या ‘रो’पासून (आडवी पट्टी) सुरू, किती रो उंच. तुम्ही माउसने काहीही करा, सोडल्यावर एडिटर त्याचे हे चार आकडेच करून ठेवतो. एकदा हे डोक्यात बसलं की निम्मा वैताग जातो.

आता उडी का मारतो ते बघा. समजा पान १२०० पिक्सेल रुंद, १२ कॉलम, दोन कॉलममधला गॅप २४. म्हणजे ११ गॅपमध्ये २६४ पिक्सेल गेले, उरले ९३६, त्याला १२ ने भागलं की एक कॉलम ७८ चा. ब्लॉक एक घर सरकायचा म्हणजे ७८ अधिक २४, १०२ पिक्सेल. बहुतेक एडिटर जवळच्या घराला चिकटवतात, म्हणजे तुम्ही ५१ पेक्षा कमी सरकवलंत तर तो निमूट परत जागेवर, आणि जास्त सरकवलंत की सगळेच्या सगळे १०२ पार. तुम्हाला वाटतं हलत नाही, मग तुम्ही जोर लावता, मग तो उडी मारतो. मधलं काही नाहीच त्याच्याकडे.

शिवाय ब्लॉक मधोमध धरून ओढला तरी हिशोब बहुतेक ठिकाणी त्याच्या डाव्या-वरच्या कोपऱ्याचा होतो, कर्सर कुठे आहे त्याचा नाही. म्हणून ओढताना कर्सरकडे बघू नका, त्या कोपऱ्याकडे बघा. मी तर ब्लॉक शक्यतो तिथूनच धरतो.

डाव्या हँडलचं कोडंही तेच. डावं हँडल ओढलं की उजवी कड जागेवर राहते आणि सुरुवातीचा कॉलम बदलतो. उजवं ओढलं की सुरुवात तीच, फक्त रुंदी बदलते. तेव्हा आधी जागा, मग आकार, आणि आकार शक्यतो उजव्या-खालच्या कोपऱ्यातून. एवढं पाळलं तरी अंडूचं, म्हणजे केलेलं मागे घ्यायचं, बटण बरंच कमी झिजेल.

बाकीचं जेवून येऊन लिहितो.

निळा_कर्सर

पंतांचा प्रतिसाद नेहमीप्रमाणे खणखणीत. खूण साठवली.

आडवाउभा

पंत, हे सगळं वाचून मला अजूनच कळलं की ग्रिड बंद का करावं. ५१ पिक्सेल, १०२ पिक्सेल... अहो मला फोटो दोन बोटं उजवीकडे हवाय, भूमितीचा पेपर द्यायचा नाहीये.

शून्यमार्जिन

@आडवाउभा दोन बोटं कुणाच्या स्क्रीनवर? तुझ्या लॅपटॉपवर दोन बोटं सरकवलास तो फोटो, पण मोकळ्या कॅनव्हासने डावीकडून इतके पिक्सेल आणि वरून इतके पिक्सेल असं लिहून ठेवलंय, ते त्या एका रुंदीला. खिडकी अरुंद झाली की एकतर फोटो कडेबाहेर जाणार नाहीतर मजकुरावर चढणार. ग्रिडमध्ये ‘पाचव्या कॉलमपासून चार कॉलम’ असं असतं, स्क्रीन कितीही असली तरी पाचवा कॉलम पाचवाच, त्याची रुंदी तेवढी कमी-जास्त होते.

एकच पोस्टर करायचं असेल, किंवा छापायचं पान, तर मोकळा कॅनव्हास उत्तमच. कागद काही ताणला जात नाही.

आडवाउभा

बरं बाबा, साइटसाठी मानलं. पण मग ते उजवीकडे सरकवलं की खालचे सगळे ब्लॉक धावत सुटतात त्याचं काय? एक हलवला की पाच हलतात. मी काय गुरं वळायला बसलोय का?

जुना_कीबोर्ड

ते एडिटरच्या स्वभावावर आहे. दोन-तीन जाती आहेत.

एक जात ढकलणारी. तुम्ही ब्लॉक दुसऱ्यावर सोडला की तो दुसऱ्याला खाली ढकलतो, दुसरा तिसऱ्याला. वर यांना बऱ्याचदा उलटं गुरुत्वाकर्षण असतं, म्हणजे वर मोकळी जागा दिसली की ब्लॉक आपोआप वर सरकतात. डॅशबोर्ड बनवायची जी साधनं आहेत ती साधारण अशीच. रिॲक्ट-ग्रिड-लेआउट आणि ग्रिडस्टॅक या दोन्ही लायब्रऱ्या (एडिटर बनवणारे वापरतात ते तयार कोड) मूळ सेटिंगमध्ये वर ओढूनच घेतात, मात्र दोन्हीत ते बंद करता येतं. तुम्ही मुद्दाम मोकळी सोडलेली जागा सोडल्या सोडल्या भरून निघत असेल तर ही जात समजा आणि सेटिंगमध्ये ‘फ्लोट’, ‘कॉम्पॅक्ट’ असं काही आहे का शोधा.

दुसरी जात ओव्हरलॅप चालवून घेणारी. ब्लॉकवर ब्लॉक बसतो, मग कोण वर कोण खाली ते ‘पुढे आणा / मागे न्या’ ने ठरवायचं. स्क्वेअरस्पेस या साइट बनवायच्या सेवेचं २०२२ मध्ये आलेलं फ्लुइड इंजिन, म्हणजे त्यांचा एडिटर, या जातीचं. डेस्कटॉपला २४ कॉलम, मोबाइलला ८.

तिसरी जात रांगेवाली. इथे तुम्ही जागा देतच नाही, फक्त क्रम आणि रुंदी देता, बाकी मांडणी तो करतो. वर्डप्रेसमध्ये ६.६ पासून, म्हणजे जुलै २०२४ पासून, ग्रुप ब्लॉकला जे ग्रिड मिळालं ते मूळ रूपात असंच.

मधुमालतीताईंनी आपला एडिटर कुठल्या जातीचा ते आधी ठरवावं. एक रिकामा सेक्शन घ्या, दोन ब्लॉक टाका, एक दुसऱ्यावर सोडा. लगेच जात कळेल.

तिरपी_रेघ

पत्रिका जुळवून घ्या थोडक्यात.

मधुमालती_

केलं. चढतो एकमेकांवर. म्हणजे ओव्हरलॅपवाला. धन्यवाद कीबोर्डकाका! म्हणूनच परवा एक बटण सापडत नव्हतं, ते फोटोच्या मागे होतं वाटतं.

उंबरठा

अशा वेळी लेयरची यादी उघडायची, डावीकडे किंवा उजवीकडे असते. त्यात सगळे ब्लॉक नावानिशी दिसतात, मागे दडलेलेही. आणि अजून एक, मोठा फोटो बॅकग्राउंडला ठेवला असेल तर त्याला लॉक करून टाका, नाहीतर बटण धरायला जावं आणि दर वेळी फोटोच हातात येतो.

पिक्सेलपंत

आलो. आता कापलेल्या ओळीबद्दल.

ब्लॉकची रुंदी ही तुमच्या हातात असते. उंची नसते. मजकूर किती ओळींत बसेल ते रुंदी, फाँट, वाचणाऱ्याने अक्षर किती मोठं केलंय यावर ठरतं. तरी एडिटर तुम्हाला उंचीचंही हँडल देतो आणि आपण ते हौसेने ओढतो. ब्लॉक पाच रो उंच केला आणि मजकूर सहा रोचा झाला तर तीनपैकी एक होतं. मजकूर कापला जातो, खालच्या ब्लॉकवर सांडतो, नाहीतर रो वाढते.

रो वाढणं त्यातल्या त्यात बरं, पण त्याचाही एक त्रास आहे जो पटकन लक्षात येत नाही. रो ही आडवी पट्टी आहे, ती सगळ्यांची सामायिक. मजकुरामुळे ती उंच झाली की त्याच पट्टीतला शेजारचा फोटोही उंच होतो आणि आपण म्हणतो मी तर फोटोला हातही लावला नाही! तेव्हा मजकूर आणि फोटो शेजारी असतील तर फोटोच्या ब्लॉकला ‘वरच्या कडेला धरून राहा’ अशी अलाइनमेंट द्या, ताणू देऊ नका. आणि मजकुराच्या ब्लॉकची उंची ऑटो असेल तर तीच ठेवा, खालचं हँडल हे फोटो आणि रिकाम्या जागेसाठी आहे असं समजा.

शून्यमार्जिन

पंतांना अनुमोदन, फक्त एक भर. आपल्या लिपीत हे जास्त जाचतं. वर वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार, जोडाक्षरं. बरेच टेम्प्लेट रोमन अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात, शीर्षकाची ओळ-उंची १ किंवा १.१ ठेवलेली असते. ब्लॉक घट्ट असेल तर ‘कीर्ती’ लिहिलं की वरचा रफार आणि वेलांटी साफ. शीर्षकाला निदान १.३ आणि मजकुराला १.६ च्या आसपास ठेवून बघा, मग ब्लॉकचा आकार ठरवा. उलट केलंत तर सगळं पुन्हा ओढावं लागतं.

आडवाउभा

हे मात्र शंभर टक्के. रफार छाटलेला शब्द बघितला की मला पानच बंद करावंसं वाटतं.

अर्धविराम

फोटोतली डोकी कापली जातात त्यावर कुणीच बोललं नाही. शिफ्ट धरून रिसाइझ करा ना, प्रमाण राखलं जातं.

पिक्सेलपंत

@अर्धविराम चित्र काढायच्या साधनात हो. ग्रिडवर बहुधा नाही, आणि का नाही ते गणितातच आहे. वरचंच ग्रिड घ्या, रो २४ ची आणि गॅप २४. चार कॉलमचा ब्लॉक म्हणजे ४ गुणिले ७८ अधिक तीन गॅप, ३८४ पिक्सेल. १६:९ चा फोटो असेल तर उंची २१६ हवी. पाच रो आणि चार गॅप मिळून बरोबर २१६. वा! आता तोच फोटो सहा कॉलम करा. रुंदी ५८८, उंची हवी ३३०.७५. सात रोची उंची ३१२, आठची ३६०. मधलं मिळतच नाही. म्हणजे एकतर फोटो छाटला जाणार नाहीतर कडेला पट्ट्या राहणार. सेटिंगमध्ये भरणे आणि मावणे असे दोन पर्याय असतात ते हेच.

छाटायचाच असेल तर फोकल पॉइंट द्या. फोटोवर एक छोटं वर्तुळ येतं ते चेहऱ्यांवर नेऊन ठेवायचं, मग छाटताना तो भाग वाचतो. गटाच्या फोटोत मात्र कडेला माणसं असतातच, तिथे ‘मावणे’ घ्या आणि पट्ट्या सहन करा.

निळा_कर्सर

पंत, तुम्ही शाळेत गणित शिकवायचात का हो?

पिक्सेलपंत

नाही, छपाईच्या पानांची जुळवाजुळव करायचो. गणिताचे सर बरे असं लोक म्हणायचे.

तिरपी_रेघ

अवांतर: हे बाराच कॉलम का असतात सगळीकडे? दहा असते तर हिशोब सोपा नसता का?

जुना_कीबोर्ड

दहाचे दोन आणि पाच भाग होतात, बस्स. बाराचे दोन, तीन, चार, सहा होतात आणि पानावर लागतात ते हेच, अर्धं, तिहाई, पाव. २४ घेतले की आठही जमतात. पूर्वी ९६० पिक्सेलचं ग्रिड फार चालायचं तेही १२ किंवा १६ कॉलमचंच, कारण ९६० ला भागणारे आकडे भरपूर.

अजून अवांतर: आज एडिटर हे जे मागे करतो ते ब्राउझरलाच येतं म्हणून सोपं झालंय. सीएसएस ग्रिड, म्हणजे ब्राउझरची स्वतःची ग्रिड मांडायची सोय, मार्च २०१७ मध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी तिघांतही एका महिन्यात आलं. गंमत म्हणजे त्याचा पहिला अवतार २०१२ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर १० मध्ये होता, ज्याला आपण सगळे नावं ठेवायचो. त्याआधी टेबलात टेबल, त्यात टेबल. तुमची पिढी सुखी आहे रे.

आडवाउभा

झालं, काका १९९८ मध्ये गेले. कुणीतरी परत आणा.

सावली_९

मूळ विषयाकडे आणते पण जरा वेगळ्या बाजूने. मला मनगटाच्या दुखण्यामुळे माउसने ओढणं जमत नाही. इथे सगळे ‘असं धरा, तसं ओढा’ सांगताय म्हणून लिहितेय. बऱ्याच एडिटरमध्ये ब्लॉक निवडून बाणाच्या कळांनी एकेक घर सरकवता येतो, काही ठिकाणी शिफ्ट आणि बाण मिळून आकारही बदलतो. काहींमध्ये बाजूच्या पॅनलमध्ये ते चार आकडे थेट लिहायला चौकोन असतात. ओढण्याशिवाय दुसरा मार्ग असावा हे डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये, म्हणजे वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीच्या नियमावलीत, ऑक्टोबर २०२३ पासून, एए (मधल्या) पातळीचा निकष म्हणून आलंय. त्यामुळे तुमच्या एडिटरमध्ये नसेल तर त्यांना कळवा, मागणी अवास्तव नाहीये.

आणि खरं सांगू का, मनगट ठणठणीत असेल तरी आकडे लिहिणं जास्त पक्कं. तीन ब्लॉक एका ओळीत हवेत तर तिघांनाही सुरुवातीची रो ४ लिहा, संपलं. डोळ्याने जुळवत बसायची गरज नाही.

मधुमालती_

सावली, हे मला माहीतच नव्हतं! बाणाने हलतोय. आकड्यांचे चौकोन नाहीत पण बाणाने अगदी एकेक घर जातोय. किती वेळ ओढत बसले होते मी.

आता एकच राहिलं, मोबाइल. डावीकडे शीर्षक, त्याखाली मजकूर, त्याखाली बटण. उजवीकडे एकाखाली एक दोन फोटो. मोबाइलवर येतं ते असं: फोटो, शीर्षक, मजकूर, दुसरा फोटो, बटण. हे कुठल्या तर्काने?

उंबरठा

तर्क आहे. मोबाइलला एकच रांग करायची असते, तर बरेच एडिटर ब्लॉक वरून खाली वाचतात आणि एकाच रोला दोन असतील तर डावीकडचा आधी. तुमचा वरचा फोटो शीर्षकापेक्षा एखादी रो वर सुरू होत असणार, डेस्कटॉपवर ते दिसतही नाही नीट. पण त्याच्या लेखी फोटो वर म्हणजे फोटो पहिला. दुसरा फोटो मजकूर आणि बटण यांच्या मधल्या रोवर सुरू होतोय म्हणून तो मध्ये घुसला. कॉलम तुमच्या डोक्यात आहेत, त्याच्याकडे पाच सुटे ब्लॉक आहेत.

उपाय दोन. एडिटरमध्ये ग्रुप किंवा कंटेनर असेल तर डावीकडचे तिन्ही एकात बांधा आणि उजवीकडचे दोन दुसऱ्यात, मग ते गठ्ठ्यानेच खाली येतील. नसेल तर मोबाइल व्ह्यूमध्ये जाऊन हाताने क्रम लावा. पण त्या व्ह्यूमधली मांडणी वेगळी साठवली जाते का हे आधी एका ब्लॉकवर करून बघा. काही एडिटरमध्ये मोबाइलवर हलवलं की डेस्कटॉपवरही हलतं.

शून्यमार्जिन

आणि हा क्रम फक्त मोबाइलपुरता नाही. स्क्रीन रीडर (न दिसणाऱ्यांना पान वाचून दाखवणारं साधन) आणि टॅबची कळ मागच्या खऱ्या क्रमाने जातात, डोळ्याला दिसणाऱ्या नव्हे. ग्रिडमध्ये दिसतं एक आणि क्रम दुसराच असं सहज होऊ शकतं, विशेषतः ‘रिकामी जागा आपोआप भरा’ असा पर्याय चालू असेल तर. मांडणी झाल्यावर माउस बाजूला ठेवून टॅब दाबत पान फिरून बघा. बटणांवरून फोकस इकडून तिकडे उड्या मारत असेल तर क्रम बिघडलाय.

अर्धविराम

मी तर आधी मोबाइल लावतो आणि मग डेस्कटॉप. आठ कॉलममध्ये फार खेळायला जागाच नसते, त्यामुळे काय आधी काय नंतर ते मुकाट्याने ठरवावं लागतं.

पिक्सेलपंत

हे मात्र मला पटत नाही अर्धविराम. वाचनगटाची साइट आहे, लांब परिचय, कार्यक्रमाची पत्रकं, हे लोक मोठ्या स्क्रीनवर वाचत असतील तर तिथून सुरुवात करावी. कुठून करायची ते वाचणारा कुठे आहे त्यावर.

अर्धविराम

वाचणारा फोनवरच आहे पंत. तुम्ही तेवढे एक मोठ्या स्क्रीनवाले.

पिक्सेलपंत

फोनवर वाचतात, पटत नाही म्हणून भांडायला लॅपटॉप उघडतात. हा धागाच बघा.

मधुमालती_

गठ्ठे बांधले. मोबाइलवर क्रम सरळ झाला, डेस्कटॉपवर काही हललं नाही. शीर्षकाची ओळ-उंची १.३ केली, ‘पूर्वार्ध’ आता अख्खा दिसतो. गटाच्या फोटोला ‘मावणे’ केलं, पट्ट्या दिसतात पण सगळी माणसं आहेत त्यामुळे कुणी रुसणार नाही.

जाता जाता एक. तळाशी पाच संस्थांचे लोगो एका ओळीत सारख्या अंतरावर टाकायचेत. आमच्याकडे १२ कॉलम. बाराला पाचाने भाग जात नाही. मग?

आडवाउभा

एका संस्थेला नारळ द्या.

सावली_९

प्रत्येक लोगो दोन कॉलमचा. पाच दुणे दहा. उरले दोन, ते एक या टोकाला एक त्या टोकाला. म्हणजे सुरुवात कॉलम २, ४, ६, ८, १०. पाचही जणांची रो तीच ठेवा आणि लोगो ब्लॉकमध्ये मध्यभागी.

तिरपी_रेघ

आणि सहावी संस्था आली की?

सावली_९

मग कॉलम एकपासून. सहा दुणे बारा.